निकालाचा राग आणि मतदारयादीचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘आमच्या प्रभागात जेमतेम ४४ टक्के मतदान झालं. पाणी आणि कचऱ्यासाठी खरंच राबलेला अपक्ष उमेदवार पडला. आमच्या सोसायटीतली निम्मी माणसं मतदानाला गेलीच नाहीत. आता पुढची पाच वर्षं काय करायचं? आणि मतदान सक्तीचं का करत नाहीत?’

राग समजण्यासारखा आहे. पण यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेत. मतदान कमी का झालं, हा एक. तुमचा उमेदवार का पडला, हा दुसरा. टक्का वाढला असता तर तो निवडून आला असता, असं गृहीत धरू नका. वाढलेली मतं कुठल्या केंद्रांवर पडली असती यावर ते ठरतं. मी हा प्रश्न असा मांडेन: तुमच्या उमेदवाराला मत देऊ शकली असती अशी माणसं यादीत होती का, त्यांना केंद्र सापडलं का, आणि यंत्रासमोर उभं राहिल्यावर कुठलं बटण दाबायचं हे त्यांना माहीत होतं का? लोकांची अनास्था खरी आहे, नाही असं नाही. पण ती या तीन गळतींनंतर मोजायची असते, आणि बहुतेक जण तिच्यापासूनच सुरुवात करतात.

मी जे सांगतो आहे ते महापालिका आणि मोठ्या नगरपरिषदांना लागू आहे. ग्रामपंचायतीत उमेदवार प्रत्येक घर ओळखतो, बाहेरगावी असलेल्या मतदारांना गाडी करून आणलं जातं, तिथे टक्का ही अडचण सहसा नसते. तुमचा प्रभाग झोपडपट्टीचा आहे, जुन्या वाड्यांचा आहे की नव्या टॉवरांचा, यावरही कुठली गळती मोठी ते बदलेल.

आधी टक्क्याबद्दल. मुंबई महापालिकेच्या २०१२ च्या निवडणुकीत सुमारे ४५ टक्के मतदान झालं होतं, २०१७ मध्ये ते ५५ टक्क्यांच्या थोडं वर गेलं. हा टक्का यादीतल्या नावांवर काढतात, राहणाऱ्या माणसांवर नाही. समजा एका केंद्राच्या यादीत १,२०० नावं आहेत आणि ५४० जणांनी मत दिलं. मतदान ४५ टक्के. आता यादी हातात घेऊन घरोघर गेलात आणि १५० नावं मयत, घर सोडून गेलेल्यांची किंवा दुबार निघाली, तर खरे मतदार १,०५०. मतदान ५१ टक्क्यांच्या वर. म्हणजे ६६० जण झोपून राहिले असं आपण म्हणत होतो, त्यातले १५० तिथे नव्हतेच. उरलेले ५१० हा खरा विषय. भाड्याच्या घरांचा आणि पुनर्विकासाचा भाग असेल तर ही फुगवटी बरीच मोठी असते, कारण इमारत पाडली तरी तिच्या पत्त्यावरची नावं यादीत तशीच राहतात.

याच्या उलट बाजूला ती माणसं आहेत जी राहतात पण यादीत नाहीत. टक्क्यात ती कुठेच दिसत नाहीत, म्हणून त्यांचा विचारही होत नाही. नव्या सोसायटीतल्या लोकांचं नाव बहुतेक वेळा जुन्या पत्त्यावर असतं, कधी दुसऱ्या शहरात असतं. लोकसभेला ते तिकडे जाऊन मत देतात, महापालिकेला कोण जाणार? आणि गेले तरी ते मत तुमच्या प्रभागात मोजलं जाणार नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळं नियोजन तिच्यावर उभं आहे. स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. हा आयोग भारत निवडणूक आयोगापेक्षा वेगळा आहे, आणि तो स्वतःची मतदारयादी तयार करत नाही. भारत निवडणूक आयोगाची विधानसभेची यादी एका ठरलेल्या तारखेला जशी असेल तशी घेतली जाते आणि प्रभागांप्रमाणे फोडली जाते. १५ जानेवारी २०२६ ला २९ महापालिकांचं मतदान झालं, त्यासाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. म्हणजे ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण झालेला मुलगा, सप्टेंबरमध्ये घर बदलून नाव हलवणारं कुटुंब, हे सगळे जानेवारीत बाहेर राहिले. प्रचार सुरू झाल्यावर ‘नाव नोंदवा’ म्हणून लावलेल्या शिबिरांचा त्या निवडणुकीला उपयोग शून्य होता.

प्रारूप प्रभागयादी प्रसिद्ध होते तेव्हा हरकती मागवतात, त्यातही गैरसमज असतो. त्या हरकतीत नवं नाव घालता येत नाही. विधानसभेच्या यादीत नाव आहे पण प्रभागाच्या यादीतून गळलं, चुकून शेजारच्या प्रभागात गेलं, लिहिण्यात चूक झाली, एवढंच दुरुस्त होतं. मुदत एक-दोन आठवड्यांची असते. विधानसभेच्या यादीचे भाग आणि प्रभागाच्या सीमा जुळत नसल्यामुळे अख्खी इमारत रस्त्यापलीकडच्या प्रभागात जाण्याचे प्रकार सीमेवरच्या गल्ल्यांत नेहमी होतात. म्हणून प्रारूप यादी आल्यावर पहिल्या दोन दिवसांत आधी सीमेलगतच्या इमारती तपासायच्या, मधल्या नंतर. मधल्या इमारती चुकायला जागाच कमी असते.

तर पाच वर्षं काय करायचं, याचं उत्तर यादीपासून सुरू होतं. पण सगळा प्रभाग अंगावर घेऊ नका. मुंबईत २२७ प्रभाग आहेत आणि एकेका प्रभागात सरासरी ४५ हजार मतदार. पुण्यात १६५ जागा ४१ प्रभागांत बसवल्या आहेत, तिथे एका प्रभागात सरासरी ८० हजारांहून जास्त. दहा-पंधरा माणसांना हे झेपत नाही आणि तिसऱ्या महिन्यात सगळे थकून घरी बसतात. कुठे काम करायचं हे निकालच सांगतो.

त्यासाठी केंद्रनिहाय आकडे मिळवा. मोजणी यंत्रागणिक होते, त्यामुळे प्रत्येक केंद्रावर कुणाला किती मतं हे नोंदलेलं असतंच. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे तुमच्या उमेदवाराचा मतमोजणी प्रतिनिधी, त्याने फेरीगणिक आकडे लिहून घेतलेले असतात. ते नसतील तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या किंवा महापालिकेच्या निवडणूक विभागाकडे माहिती अधिकारात मागा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून केंद्रनिहाय मतांचा एक अर्ज आणि बाकी जे हवं त्याचे वेगळे. एका अर्जात सगळं कोंबलं की तो परत येतो.

मग एक तक्ता करा: केंद्र, यादीतली नावं, झालेलं मतदान, तुमच्या उमेदवाराची मतं. आपण साधारणपणे ज्या केंद्रावर सर्वात जास्त हरलो तिकडे धावतो. मला ते चुकीचं वाटतं. दोन केंद्रं घ्या, दोन्हींत १,००० नावं. पहिल्यावर ६२ टक्के मतदान, त्यात तुमच्या उमेदवाराला २० टक्के. दुसऱ्यावर ३८ टक्के मतदान, पण त्यात तुमच्या उमेदवाराला ४१ टक्के. पहिल्या केंद्रावर आणखी १२० जण मतदानाला बाहेर काढले आणि कल तोच राहिला, तर २४ मतं तुमची आणि ९६ इतरांची. दुसऱ्यावर तेच १२० काढले तर ४९ तुमची. न आलेल्यांचा कल आलेल्यांसारखाच असेल याची खात्री नसते, हे मान्य. तरीही जिथे तुमचा वाटा मोठा आणि मतदान कमी, तिथूनच सुरुवात करणं शहाणपणाचं. प्रभागात अशी आठ-दहा केंद्रं निघतात. तेवढीच घ्या.

आता घरोघर तपासणी. मुख्य निवडणूक अधिकारी, महाराष्ट्र यांच्या संकेतस्थळावर विधानसभा मतदारसंघ आणि यादी भागाप्रमाणे पीडीएफ मिळतात. हजार नावांच्या भागात साधारण ३०० घरं. दोघांची एक जोडी संध्याकाळच्या दोन तासांत २५ ते ३० घरं नीट करते, म्हणजे एक भाग १० ते १२ संध्याकाळी. प्रत्येक नावासमोर पाचपैकी एक खूण: राहतो, घर सोडलं, मयत, दार बंद, आणि पाचवी मागच्या कोऱ्या पानावर, राहतो पण यादीत नाही. ‘दार बंद’ला ‘घर सोडलं’ समजू नका. दोन वेगळ्या वारी, त्यातला एक रविवार, जाऊनच ठरवा. नाव शोधताना मराठी लिखाणावर विसंबू नका. आडनाव-नावाचा क्रम आणि काना-मात्रा इतक्या बदललेल्या असतात की असलेलं नाव सापडत नाही. मतदार ओळखपत्रावरचा क्रमांक, म्हणजे एपिक क्रमांक, टाकून शोधा.

अर्जांत सगळ्यात जास्त घोळ फॉर्म ६ आणि ८ मध्ये होतो. फॉर्म ६ फक्त ज्याचं नाव कुठेच नाही त्याच्यासाठी. दुसरीकडे नाव आहे आणि इथे आणायचं आहे, तर फॉर्म ८, जुन्या एपिक क्रमांकासह. घर बदललेल्याने नवा फॉर्म ६ भरला की एक तर तो फेटाळला जातो, नाही तर माणूस दुबार होतो. २०२५ च्या प्रभागयाद्यांत संभाव्य दुबार नावांसमोर दोन तारे छापले होते आणि अशा मतदाराकडून तो कुठल्या केंद्रावर मत देणार हे लिहून घेतलं जात होतं. प्रामाणिक माणूसही त्या कागदपत्रांनी वैतागून परत फिरू शकतो. तेव्हा सुरुवातीलाच योग्य फॉर्म भरून घ्या.

नाव वगळण्यासाठी फॉर्म ७ असतो. मयत नावांसाठी तो घरच्यांकडूनच भरून घ्या, मृत्यू दाखल्याच्या प्रतीसह. घर सोडून गेलेल्यांच्या बाबतीत मी हात आखडता घ्यायला सांगेन. समोरच्या पक्षाची वाटणारी नावं गठ्ठ्याने काढायला लावण्याचे उद्योग होतात. तसा संशय एकदा तुमच्या गटावर आला की पुढचे बरोबर अर्जही अडकतात. आणि एखाद्या राहत्या माणसाचं नाव तुमच्यामुळे गेलं, तर तुम्ही ज्याच्यासाठी भांडताय तेच तुम्ही मोडलंत. अर्ज घराघराने, ज्याचे त्याने भरायचे. संघटनेने एकगठ्ठा नेऊन दिलेले स्वीकारले जात नाहीत. एका कुटुंबाचे एकत्र चालतात. ऑनलाइन भरले तर अर्ज क्रमांक वहीत उतरवा आणि महिन्याने स्थिती पाहा. बीएलओ, म्हणजे यादीचं काम पाहणारा केंद्रस्तरीय अधिकारी, पडताळणीला आला तेव्हा घर बंद होतं म्हणून फेटाळलेले अर्ज खूप निघतात. मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, पण पुन्हा नीट अर्ज करणं बहुतेक वेळा लवकर होतं. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चार तारखांपैकी ज्या तारखेला अठरा पूर्ण होतात तिच्यासाठी नाव नोंदवता येतं, आणि सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज भरता येतो. दर तिमाहीला एक संध्याकाळ एवढ्यासाठीच ठेवा.

हे काम इमारतीप्रमाणे आणि यादी भागाप्रमाणे करा असं मी आग्रहाने सांगतो, उमेदवाराप्रमाणे नाही. पुढच्या निवडणुकीआधी प्रभागाच्या सीमा बदलू शकतात, आरक्षणाची सोडत निघेल आणि तुमचा माणूस ज्या जागेवर उभा राहिला ती जागा त्याला बंद होऊ शकते. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात, त्यामुळे ही शक्यता दूरची नाही. उमेदवाराभोवती उभं केलेलं संघटन सोडतीच्या दिवशी कोसळतं. इमारतींची साफ यादी मात्र कुठल्याही प्रभागात गेली तरी कामाची असते.

मतदानाच्या दिवशीच्या गळतीचं मुख्य कारण केंद्र बदलणं हे आहे. लोकसभा-विधानसभेला ज्या शाळेत मत दिलं, तिथेच महापालिकेलाही असेल असं मतदार धरून चालतो. तसं नसतं. यादी नव्याने फोडलेली असते, नवरा एका शाळेत आणि बायको दुसऱ्या शाळेत असंही होतं. हातात ओळखपत्र आहे म्हणजे यादीत नाव आहे, हा दुसरा गैरसमज. माणूस एकदा चुकीच्या केंद्रावर रांग लावून परत आला की पुन्हा जात नाही, विशेषतः वयस्कर माणूस. म्हणून मतदानाच्या तीन-चार दिवस आधी प्रत्येक घरात एकच कागद: घरातल्या सगळ्यांची नावं, केंद्र, खोली क्रमांक, यादीतला अनुक्रमांक. फोनवरचा संदेश पुरत नाही, तो दोनशे संदेशांखाली जातो. कागद दाराच्या आत चिकटवतात, तो सकाळी दिसतो.

आपल्याकडे या निवडणुकांची वेळ सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच आहे. साडेपाचला रांगेत असलेल्या सर्वांना मत देता येतं, हे इमारतीत आधी सांगून ठेवा. मदत तीन टप्प्यांत वाटा. साडेसात ते दहा वयस्कर आणि चालायला त्रास असणारे, बरोबर माणूस देऊन. दुपारी एकपर्यंत ज्यांनी मत दिलं त्यांच्या नावावर खूण. एक ते चार फक्त उरलेल्यांना फोन, सरसकट सगळ्यांना नाही. मत देऊन आलेल्या माणसाला तिसरा फोन आला की तो पुढच्या वेळी तुमचा फोन उचलत नाही. फोन करणारा त्याच इमारतीतला असावा. अनोळखी आवाजाला लोक ‘बघतो’ म्हणतात, शेजाऱ्याला तसं म्हणणं अवघड जातं.

आता तुमचा अपक्ष. मुंबई सोडली तर महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत, बहुतेक ठिकाणी चार जागांचे: अ, ब, क, ड. मतदाराला चार मतं द्यायची असतात, प्रत्येक जागेचं एक, आणि प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळ्या रंगाची. पक्षाचं पॅनल असेल तर मतदाराला एकच चिन्ह लक्षात ठेवायचं असतं आणि ते चारदा शोधायचं असतं. अपक्षाच्या मतदाराला मात्र तीन ठिकाणी एक विचार आणि चौथ्या ठिकाणी वेगळं, पंधरा दिवसांपूर्वीच मिळालेलं चिन्ह लक्षात ठेवावं लागतं. ८० हजारांच्या प्रभागात हे पोचवणं एकट्या माणसाला फार कठीण आहे. त्यामुळे ‘चांगला माणूस लोकांना नको होता’ असा निष्कर्ष लगेच काढू नका. ज्या गल्लीत त्याने काम केलं तिथली केंद्रं तपासा. तिथे तो पुढे आणि बाकी सगळीकडे नगण्य असेल, तर प्रभागाच्या आकाराने त्याला हरवलं आहे.

यावर उपाय दोन. एक, चार जागांवर चार समविचारी उमेदवार आधी जमवणं, म्हणजे प्रत्येकाची गल्ली सगळ्यांच्या उपयोगी पडते. दोन, एकटाच असेल तर ‘अमुक माणसाला मत द्या’ एवढं न सांगता ‘क जागा, या रंगाची मतपत्रिका, हे चिन्ह’ असं सांगणं, आणि नमुना मतपत्रिका हातात देऊन बोट ठेवायला लावणं. चारही जागांचं बटण दाबल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही, शेवटच्या जागेनंतरच आवाज येतो, हेही तेव्हाच सांगा. एक बटण दाबून निघायला लागलेल्या माणसाला केंद्रातले कर्मचारी परत बोलावतात, आणि मग घाईघाईत उरलेल्या जागांवर काहीतरी दाबलं जातं. एखाद्या जागेवर कुणीच नको असेल तर त्या जागेचं नोटा.

सक्तीचं विचारलंत म्हणून. गुजरातने स्थानिक निवडणुकांत मतदान सक्तीचं करणारा कायदा केला, २०१४ मध्ये त्याला राज्यपालांची मंजुरी मिळाली आणि २०१५ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने अंमलबजावणीला स्थगिती दिली. तत्त्वाचा वाद बाजूला ठेवला तरी वर सांगितलेली यादी पाहा: ज्याचं नावच नाही, किंवा ज्याचं केंद्र तीन किलोमीटरवर गेलं आहे, त्याला दंड लावून काय साधणार? महाराष्ट्रात नोटाला मात्र २०१८ पासून स्थानिक निवडणुकांत खरं वजन आहे. एखाद्या जागेवर नोटाला सर्वाधिक मतं पडली तर तिथे फेरनिवडणूक घ्यायची असा राज्य आयोगाचा आदेश आहे. घरी बसण्यापेक्षा ते दाबणं केव्हाही जास्त बोलतं, आणि नाराज शेजाऱ्याला बाहेर काढताना हे सांगून पाहा.

निकालाला आव्हान देण्याबद्दल एवढंच की कमी मतदान हे कारण चालत नाही, किमान टक्क्याची अट आपल्या कायद्यात नाही. गैरप्रकाराचे ठोस पुरावे असतील तर महापालिकेसाठी निवडणूक याचिकेची मुदत १० दिवसांची आहे, तेव्हा वकिलाकडे त्याच आठवड्यात जावं लागतं.

अनास्थेबद्दल शेवटी बोलतो, कारण ती उरलेल्या ५१० मधल्या एका भागाची आहे. मुंबई, पुणे, नागपूरमध्ये फेब्रुवारी २०१७ नंतर थेट जानेवारी २०२६ मध्ये मतदान झालं. मुंबईत मार्च २०२२ पासून प्रशासक होता. २०१७ ला सतरा वर्षांचा असलेला मुलगा महापालिकेसाठी पहिलं मत देताना पंचविशी ओलांडून गेला. नगरसेवक नसला काय आणि असला काय, हे त्याने चार वर्षं अनुभवलं आहे. त्याला कर्तव्य सांगून उपयोग नाही. त्याच्या इमारतीसमोरचा नाला, त्याला मंजूर झालेली रक्कम आणि ती मंजूर करणाऱ्या सभेत तुमच्या प्रभागातून कोण बोललं, हे तीन तपशील एका कागदावर दाखवा. निवडून आलेल्या नगरसेवकांना हे दर सहा महिन्यांनी लेखी विचारा आणि उत्तर, किंवा उत्तर आलं नाही हे, सोसायटीच्या फलकावर लावा. तुमचा उमेदवार पडला म्हणून त्याने सुरू केलेला पाठपुरावा थांबला, तर पुढच्या वेळी लोकांना दाखवायला तुमच्याकडे काही नसेल.

पहिला महिना असा लावा: या आठवड्यात केंद्रनिहाय आकड्यांचा अर्ज, तोवर तुमच्या स्वतःच्या सोसायटीचा यादी भाग उतरवून घ्या आणि फक्त तेवढाच तपासा. एका भागाला किती संध्याकाळी लागल्या ते लिहून ठेवा. आकडे आले की उरलेल्या सात-आठ केंद्रांना किती माणसं लागतील ते त्यावरून कळेल, आणि माणसं तेव्हाच गोळा करा.